प्रकृती ठीक आहे, म्हणजे काय?

दोन माणसे रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय, प्रकृती कशी आहे?" आणि उत्तरही ठरलेले, "ठीक आहे." विचारणारा आपल्या वाटेने जातो, सांगणारा आपल्या. ठीक आहे म्हणजे नेमके काय आहे, हे दोघांपैकी कोणी विचारीत नाही. एरवी त्याची गरजही पडत नाही. पण गेल्या दोन वर्षांत माझ्या घरात असे काही घडले की हा प्रश्न मला टाळता येईना. मी कल्याणच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते डॉक्टरी सल्ला म्हणून नव्हे, तर एका नेहमीच्या शब्दाच्या अर्थाचा शोध म्हणून ऐकावे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मुरबाड तालुक्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर घरची भातशेती पाहू लागले. आई गेली आणि मी त्यांना डोंबिवलीला घेऊन आलो. आमची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आल्या आल्या त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्तातली साखर, मूत्रपिंड, हृदयाचा आलेख, छातीचा फोटो, सारे आकडे छापील मर्यादेच्या आत. रक्तदाब तेवढा थोडा वर, त्यावर एक गोळी सुरू झाली. मी तो कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवून म्हटले, "अण्णा, तुमची प्रकृती उत्तम आहे."

ते म्हणाले, "कागदांची आहे. माझी नाही."

मला वाटले, म्हातारपणचा हट्ट. त्यानंतरच्या आठ महिन्यांत अण्णा घरातल्या घरात तीनदा पडले.

त्या पडण्याची हकीकत पुढे सांगतो. आधी व्याख्येकडे वळू या, कारण चूक तिथेच होती. आमच्या शास्त्रात व्याख्या तपासायच्या दोन जुन्या कसोट्या आहेत. ज्यांना ती लागू पडायला हवी त्यांतले काही बाहेर राहिले तर अव्याप्ती. ज्यांना लागू पडू नये तेही आत शिरले तर अतिव्याप्ती. "चार पायांचे जनावर म्हणजे गाय" म्हटले की म्हैसही गोठ्यात येते. "पांढरे चार पायांचे जनावर म्हणजे गाय" म्हटले की तांबडी गाय दावणीतून सुटते.

आता "रोग नसणे म्हणजे आरोग्य" ही आपल्या मनातली व्याख्या घ्या. हिच्यात अण्णा बसत होते, कारण कागदावर रोग नव्हता. पण माणूस तर दिवसेंदिवस खचत होता. ही अतिव्याप्ती. मग जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या घ्या. या संघटनेची घटना १९४६ साली तयार झाली आणि ७ एप्रिल १९४८ पासून अमलात आली. म्हणून ७ एप्रिल हा आरोग्यदिन. तिच्यात म्हटले आहे, त्याचा आशय असा की केवळ रोग किंवा दुबळेपणा नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, तर शरीर, मन आणि समाजजीवन या तिन्ही बाबतींत संपूर्ण सुस्थिती असणे म्हणजे आरोग्य. महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जगाने केलेला तो एक उदात्त संकल्प होता, आणि मन व समाज यांना आरोग्याच्या घरात जागा दिली हे त्याचे मोठे काम. पण "संपूर्ण" हा एक शब्द घात करतो. संपूर्ण सुस्थितीत असलेला माणूस मला तरी डोंबिवलीच्या फलाटावर अजून दिसलेला नाही. चष्मा लावणारा, गुडघा दुखणारा, कर्जाची काळजी असलेला, सारेच बाहेर. ही अव्याप्ती.

आपल्याकडचा शब्द या दोन्हींपेक्षा शहाणा आहे असे मला वाटते. "स्वस्थ" म्हणजे स्वतःच्या ठिकाणी उभा असलेला. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांचे समत्व तर सांगितले आहेच, पण आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही त्यात घातली आहे. म्हणजे कोणा एका अवयवाचे वर्णन नाही. अनेक गोष्टींचा आपसातला मेळ कसा आहे, याचे वर्णन आहे. दोषधातूंचे ते शास्त्र आज जसेच्या तसे घ्यावे असे मी म्हणत नाही. पण प्रश्न कुठे विचारायचा हे त्यांना ठाऊक होते.

मेळ म्हणजे काय, ते पाहू. यंत्रे दोन प्रकारची नसतात, पण व्यवस्था दोन प्रकारच्या असतात. भिंतीवरचे घड्याळ ही एक व्यवस्था. ते बिघडले तर घड्याळजी उघडतो, झिजलेले चाक शोधतो, नवे बसवतो आणि घड्याळ चालू लागते. एकत्र कुटुंब ही दुसऱ्या प्रकारची व्यवस्था. थोरली सून महिनाभर माहेरी गेली की काय होते? तिचे काम दुसरी करते. दुसरीचे पोर आजीकडे येते. आजीची दुपारची झोप मोडते. आजी चिडली की आजोबा पारावर जाऊन बसतात. एक माणूस हलले आणि सगळे घर थोडे थोडे सरकले. घड्याळाचे चाक काढल्यावर बाकीची चाके अशी समजून उमजून सरकत नाहीत. शरीर हे घड्याळ नव्हे. ते एकत्र कुटुंब आहे. ज्या व्यवस्थेत पुष्कळ घटक एकमेकांकडे पाहून वागतात, आणि एकाच्या वागण्याचा परिणाम फिरून त्याच्याकडेच येतो, तिला शास्त्रज्ञ गुंतागुंतीची व्यवस्था म्हणतात. जंगल, बाजार, तळे, शहर, शरीर ही सगळी त्या एका जातीची.

अशा व्यवस्थेचे आरोग्य स्थिरतेत नसते, हे प्रथम ऐकून नवल वाटेल. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पाहा. नाडी घड्याळाच्या टिकटिकीसारखी चालते असे आपण समजतो. पण सावकाश दीर्घ श्वास आत घ्या. नाडी किंचित जलद होईल. श्वास सोडा, किंचित मंद होईल. निरोगी तरुणात हा फरक चांगला जाणवतो. बाळंतपणाच्या वेळी पोटातल्या बाळाच्या हृदयाचा आलेख डॉक्टर पाहतात, तेव्हा त्याच्या ठोक्यांत बारीक चढउतार दिसले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. रेघ फार वेळ सपाट आणि एकसारखी दिसली की त्या काळजीत पडतात. हृदयरोपण झालेल्या माणसाचे नवे हृदय मज्जातंतू तुटलेले असल्यामुळे विश्रांतीतही जलद आणि पुष्कळसे एकसारखे ठोके देते. घरातल्या इतर मंडळींशी त्याचे बोलणेच तुटलेले असते. अगदी बिनचूक एकसारखेपणा हे इथे आरोग्याचे लक्षण नाही, एकटेपणाचे आहे.

हार्वर्ड विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९३२ साली शरीराच्या शहाणपणावर एक पुस्तक लिहिले. उष्णता, पाणी, साखर, मीठ हे सारे शरीर एका पट्ट्यात कसे राखते, आणि ते राखण्यासाठी आत किती अखंड धावपळ चाललेली असते, हे त्यांनी उलगडून दाखवले. बाहेरून शांत दिसणारे शरीर आतून कधीच थांबलेले नसते.

आमच्या कल्याण-डोंबिवलीकरांना यासाठी पुस्तकाची गरज नाही. लोकल गाडी पुरेशी आहे. ठाण्यापर्यंत रेल्वे १८५३ साली आली, कल्याणला १८५४ साली, आणि तेव्हापासून या पट्ट्याची नाडी रुळांवर चालते. कल्याणला फाटा फुटतो. एक मार्ग कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. कळव्याजवळ रुळाला तडा गेला की टिटवाळ्याचा माणूस फलाटावर तिष्ठत राहतो आणि बदलापूरचाही. आता सांगा, चांगली चाललेली रेल्वे कोणती? जिच्यात कधीच बिघाड होत नाही ती? तशी जगात नाही. बिघाड झाल्यावर जी तासाभरात पुन्हा वेळेवर येते, ती. आणि ती केव्हा येऊ शकते? दोन गाड्यांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवली असेल, एखादा रूळ रिकामा असेल, एखादी गाडी राखीव असेल तर. सगळे रूळ, सगळे डबे, सगळी मिनिटे भरून टाकली की कागदावर कारभार उत्तम दिसतो, आणि एका छत्रीने दार अडले तरी संध्याकाळ बिघडते.

शरीरातही ही शिल्लक असते. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस उरलेल्या एकावर नीट जगतो. तरुणपणी शिल्लक भरपूर, म्हणून रात्रभर जागून सकाळी शेतावर जाता येते. वय वाढते तशी ती कमी होते. आणि नेहमीच्या तपासण्यांत बहुधा आजचा हिशेब दिसतो, शिल्लक दिसत नाही. अण्णा म्हणाले होते ते हेच.

आता त्यांच्या पडण्याकडे येतो. पहिल्यांदा पडले तेव्हा चप्पल घसरली असे आम्ही म्हटले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितले, रात्री लघवीला वारंवार उठावे लागते म्हणून. त्यावर गोळी आली. झोप नीट लागत नाही म्हणून आणखी एकांनी झोपेची गोळी दिली. प्रत्येकाने आपापल्या पुरते योग्यच केले होते. तिसऱ्यांदा पडले ते पहाटे, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी; कपाळाला टाके पडले. तेव्हा आमच्या ओळखीच्या एका वयस्कर डॉक्टरीण बाई घरी आल्या. त्यांनी सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या, थोडा वेळ पाहिल्या आणि मला विचारले, "सर, ही मंडळी एकमेकांना ओळखतात का?"

मग त्यांनी अण्णांचा रक्तदाब झोपवून घेतला आणि लगेच उभे करून पुन्हा घेतला. उभे राहताच तो झपाट्याने खाली आला. रक्तदाबाची गोळी तो उतरवत होतीच. लघवीच्या त्रासावर जी गोळी होती त्या जातीच्या गोळ्याही तो उतरवतात. आणि झोपेच्या गोळीने पहाटे तोल सांभाळणारी शुद्ध मंदावलेली. तीन शहाण्यांनी मिळून एका म्हाताऱ्याला पाडले!

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी विचारले, "हे दिवसभर करतात काय?" मी गप्प राहिलो. गावाला अण्णा पहाटे उठून बांधावर जात, दुपारी ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत, रात्री नऊला गाढ झोपत. इथे तीन जिने उतरायचे म्हणून ते उतरत नव्हते. उतरत नाहीत म्हणून पाय कमजोर झाले. दिवसा बसल्या बसल्या डुलकी, म्हणून रात्री झोप नाही. झोप नाही म्हणून गोळी. गोळीमुळे पडणे. पडल्याची भीती, म्हणून उठणेच बंद. उठणे बंद म्हणून पाय आणखी कमजोर. हे चक्र कोणत्या अवयवात होते सांगा पाहू? कोणत्याही नाही. म्हणून कोणत्याही तपासणीत सापडले नाही. ते अवयव, औषधे, जिना, आईचे जाणे आणि माझा निर्णय, या सगळ्यांच्या मधल्या जागेत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे ऐकून कोणी आपल्या गोळ्या आपणच बंद करू नयेत. त्याने अनर्थ होतो. घरातल्या वृद्धांच्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून एका डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि "ही मंडळी एकमेकांना ओळखतात का" एवढे विचारावे.

"परवापर्यंत तर चांगले होते हो" असे आपण अनेकदा ऐकतो. तेही खरे असते. ठाणे हे तळ्यांचे शहर. मासुंदा तळ्याच्या पाळीवर संध्याकाळी बसलेल्यांनी किंवा गावतळ्यावर गुरे नेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली असेल. तळ्यात वर्षानुवर्षे सांडपाणी आणि निर्माल्य जाते, तरी पाणी बराच काळ बरे दिसते. तळातली पाणवनस्पती, शिंपले, मासे ते सारे पचवीत असतात. मग एका उन्हाळ्यात पाणी हिरवे होते. दाट शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि पहाटे मासे मेलेले तरंगतात. लोक म्हणतात, कोणीतरी विष टाकले. विष कोणी टाकलेले नसते. पचवायची ताकद संपलेली असते. आणि त्याहून वाईट असे की त्यानंतर घाण थोडी कमी केल्याने तळे पूर्ववत होत नाही. उतरण सोपी, चढण कठीण. व्यवस्था अशा उंबरठ्यावरून एकदा पलीकडे गेली की परतीची वाट वेगळी आणि लांबची असते.

मग रोगाला कारण नसतेच का? असते. पण कारण असणे आणि कारण पुरेसे असणे यांत अंतर आहे. कल्याणच्या यमुना जोशी, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई, यांची कथा आपल्या शाळांतून सांगितली जाते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय. १८८३ साली अमेरिका. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात पदवी. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू, वय बावीसही पुरे नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच जगापुढे मांडला होता. म्हणजे त्या गेल्या तेव्हा कारण ठाऊक होते. पण ज्यांच्या शरीरात तो जंतू शिरतो त्यांतल्या शंभरातल्या पाचदहांनाच आयुष्यात कधी क्षय होतो. बाकीच्यांचे शरीर त्याला कोंडून ठेवते. जंतू आवश्यक आहे, पुरेसा नाही. त्या कोवळ्या वयातले बाळंतपण, परका थंड देश, न मानवणारे अन्न, अभ्यासाचा ताण, ह्यांतल्या कशाचा वाटा किती हे आज तोलता येणार नाही, पण जंतूला एकट्याला दोषी धरता येणार नाही हे नक्की.

हा जुना इतिहास नाही. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरातल्या १० हजारांवर माणसांचा अभ्यास झाला आणि २०२३ साली प्रसिद्ध झाला. काही घरांतल्या मंडळींना दरमहा तांदूळ, डाळ असा जादा शिधा आणि जीवनसत्त्वे दिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. तांदळाने जंतू मरत नाही. पण शरीराची शिल्लक वाढते आणि मग जंतूशी काय करायचे ते शरीर पाहून घेते. सरकार क्षयरोग्याला उपचाराच्या काळात पोषणासाठी पैसे देते. २०१८ साली ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. गावात कोणाला क्षय झाला असेल तर ते त्याच्या खात्यावर जमा होतात की नाही, हे शिक्षकांनी आणि आशाताईंनी जरूर विचारावे.

तर मग व्याख्या कोणती? २०११ साली हॉलंडमधल्या डॉक्टर माख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुचवली. अडचणी आल्या असता त्यांच्याशी जुळवून घेण्याची आणि आपला आपण कारभार सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. मला ती आवडली. मधुमेह असूनही नीट पथ्य पाळून शेती करणारी बाई हिच्यात निरोगी ठरू शकते, आणि कागद स्वच्छ असलेले अण्णा ठरत नाहीत.

पण मास्तरकीची सवय! दोन्ही कसोट्या लावल्याशिवाय मी सोडीत नाही. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट असते. चौथा माणूस अर्ध्या मांडीवर टेकतो, एक पाय वाटेत, आणि तासभर तसाच मुंबईला जातो. "ॲडजस्ट करा" हा आमचा मंत्र. त्याने जुळवून घेतले, कारभारही सांभाळला. पण कंबर कोणाची झिजली? घरात सर्वांत शेवटी जेवणारी, उरले तेवढे खाणारी बाईही वर्षानुवर्षे जुळवूनच घेते आणि तिच्या रक्ताची तपासणी केली की पांडुरोग निघतो. कारखान्याच्या वासात राहणारा काही दिवसांनी म्हणतो, आता वास येत नाही. हेही जुळवून घेणेच. बाहेरचा ताण शरीर सोसते, पण फुकट सोसत नाही; त्याची झीज आत साठत जाते. अमेरिकेतले ब्रूस मॅकएवन आणि त्यांचे सहकारी एलियट स्टेलर यांनी १९९३ साली या साठलेल्या ओझ्याला स्वतंत्र नावच दिले. तेव्हा मी त्या व्याख्येला एक अट जोडीन. ज्या जुळवून घेण्यानंतर उद्याच्या अडचणीसाठी शिल्लक उरते, तेवढेच आरोग्य. शिल्लक खाऊन केलेले जुळवणे हे आरोग्य नव्हे, ते कर्ज आहे. आणि चौथ्या सीटवरच्या माणसाला "योगासने करा" असे सांगण्यापेक्षा गाड्या वाढवणे हे अधिक खरे औषध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिल्लक मोजायची कशी? एका आकड्याने ती मोजता येत नाही, पण वाटचालीवरून कळते. अंगणवाडीत बाळाचे वजन दरमहा घेऊन तक्त्यावर टिंबे जोडतात. एका महिन्याचे टिंब फारसे सांगत नाही. रेघ चढते आहे, आडवी झाली की उतरते, हे सांगते. ताप येऊन गेल्यावर उतरलेली रेघ किती दिवसांत पुन्हा आपल्या वाटेला लागली, हे तर फारच सांगून जाते. शाळेतल्या शिक्षकांना अशी रेघ हजेरीपटात दिसते. पावसाळ्यात सगळीच मुले दोन दिवस आजारी पडतात. पण एखादे मूल परत आल्यावर महिनाभर पेंगत राहते. त्याच्या घरी जाऊन यावे.

अण्णांचे काय झाले ते सांगून थांबतो. डॉक्टरीण बाईंनी गोळ्या हळूहळू बदलल्या, झोपेची बंद केली. आम्ही तळमजल्यावरची जागा भाड्याने घेतली. लहान आहे, पावसाळ्यात ओल येते. अण्णा रोज संध्याकाळी बागेतल्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर जातात आणि तिथल्या एका नातवाला गणित शिकवतात. भातलावणीच्या दिवसांत मुरबाडला जाऊन बांधावर बसून येतात. हिवाळ्यात त्यांना खोकला झाला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण दहा-बारा दिवसांत पुन्हा कट्ट्यावर गेले. मागच्या महिन्यात तपासण्या पुन्हा केल्या. साखर या वेळी मर्यादेच्या थोडी वर निघाली. मी कागद हातात घेऊन उभा होतो. अण्णांनी चप्पल पायात घालता घालता विचारले, "काय म्हणतात कागद?"

"थोडे नाराज आहेत," मी म्हटले.

"असू देत," अण्णा म्हणाले, आणि काठी घेऊन निघाले.